डिझायनरची नोकरी एच-१बी व्हिसाला पात्र आहे, हे कागदावर कसं सिद्ध करायचं

अमेरिकेतल्या कंपनीची ऑफर हातात आली की डिझायनर सगळ्यात आधी पोर्टफोलिओ तयार करायला बसतो. ते साहजिकच आहे, कारण आपल्या क्षेत्रात नोकऱ्या पोर्टफोलिओवरच मिळतात. एच-१बी, म्हणजे विशेष ज्ञान लागणाऱ्या नोकरीसाठी मिळणारा अमेरिकेचा व्हिसा, त्याच्या फायलीत मात्र याचा उपयोग फार थोडा. पिटिशन, म्हणजे या व्हिसासाठी कंपनीने केलेला अर्ज, तपासणारा अधिकारी तुमच्या हातात किती कला आहे हे मोजत नसतो. कंपनीने देऊ केलेल्या पदावर काम करायला ठरावीक विषयातली किमान बॅचलर पदवी लागतेच का, हा त्याचा प्रश्न असतो. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तर त्यालाही तीच पदवी लागेल का? याचं उत्तर फायलीत सापडलं नाही, तर नामांकित ब्रँडचं काम केलेल्या माणसाचंही पिटिशन नाकारलं जातं.

सिव्हिल इंजिनिअरच्या बाबतीत हा प्रश्न अर्ध्या पानात सुटतो. डिझायनरच्या बाबतीत अधिकाऱ्याच्या मनात आधीपासून एक शंका असते: हे काम तर औपचारिक शिक्षण नसलेली माणसंही करतात, मग पदवीची अट खरी कशावरून? ही शंका दूर करणं म्हणजेच सगळी तयारी. पिटिशन कंपनी दाखल करते आणि कायदेशीर मांडणी वकील करतो, हे खरं. पण वकिलाला टायपोग्राफी आणि लेआउट यांतला फरक माहीत असेलच असं नाही. कच्चा माल तुम्हालाच पुरवावा लागतो, आणि तो चांगला पुरवला तर फाइलचं रूप पालटतं. गुणी डिझायनर निव्वळ कागदांच्या ढिलाईमुळे परतीचं तिकीट काढतात, ते पाहून जीव तुटतो. म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

कायदा काय विचारतो

एच-१बी मिळण्यासाठी नोकरी 'स्पेशॅल्टी ऑक्युपेशन' या व्याख्येत बसावी लागते. अत्यंत विशेष ज्ञानाचा सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष वापर त्या कामात हवा, आणि त्या कामाशी थेट संबंध असलेल्या विषयातली बॅचलर किंवा वरची पदवी, अथवा तिच्या तोडीचं शिक्षण, ही प्रवेशाची किमान अट हवी. उदाहरणादाखल नियमात क्षेत्रांची जी यादी दिली आहे तिच्यात वास्तुकला, अभियांत्रिकी, वैद्यक यांच्याबरोबर शेवटी कलाही आहे. म्हणजे डिझाइनला दार मुळात उघडं आहे. कंपनीच्या पत्रात या गोष्टीचा एका ओळीत उल्लेख जरूर करावा.

१७ जानेवारी २०२५ पासून या नियमांची सुधारित आवृत्ती लागू आहे. डिझायनरच्या दृष्टीने तिच्यात तीन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली, पदवी आणि काम यांचा 'थेट संबंध' म्हणजे दोघांमध्ये तर्कसंगत दुवा असणं, असं नियमातच लिहिलं आहे. दुसरी, 'सामान्यतः' पदवी लागते याचा अर्थ 'नेहमीच' लागते असा नाही. तिसरी, एका पदासाठी एकाहून जास्त विषयांच्या पदव्या चालू शकतात, पण त्यातल्या प्रत्येक विषयाचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. कुठलीही सर्वसाधारण पदवी चालत असेल तर ते पद पात्र ठरत नाही.

व्याख्या पूर्ण झाली की शिवाय चार निकषांपैकी किमान एक पुरा व्हावा लागतो. त्या व्यवसायात शिरायला सामान्यतः तशी पदवी लागते. किंवा त्याच उद्योगातल्या तशाच कंपन्या समांतर पदांसाठी ती सामान्यतः मागतात. किंवा ही कंपनी स्वतः या पदासाठी ती सामान्यतः मागत आली आहे. किंवा हे विशिष्ट काम इतकं विशेष, गुंतागुंतीचं वा वेगळं आहे की त्याला लागणारं ज्ञान पदवीशीच जोडलेलं असतं. एक पुरेसा असला तरी फाइल एकाच निकषावर उभी करू नका. डिझाइनच्या पिटिशनमध्ये मी पहिला भर चौथ्यावर देईन, दुसरा तिसऱ्यावर. का, ते पुढे येईलच.

पुरावा किती लागतो? फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. 'मॅटर ऑफ चवाथे' या २०१० च्या निर्णयाने हे स्पष्ट केलं आहे: दावा खरा नसण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता अधिक, एवढं दिसलं की पुरे. पण तेवढं तरी कागदावर दिसायला हवं.

पायरी पहिली: व्यवसायाचा कोड

अमेरिकेच्या कामगार खात्याच्या वर्गीकरणात प्रत्येक व्यवसायाला एक एसओसी कोड असतो. ग्राफिक डिझायनर २७-१०२४, औद्योगिक म्हणजे प्रॉडक्ट डिझायनर २७-१०२१, फॅशन डिझायनर २७-१०२२, इंटिरिअर डिझायनर २७-१०२५, आणि वेब व डिजिटल इंटरफेस डिझायनर १५-१२५५. यूएक्सवाले, म्हणजे अॅप किंवा यंत्र वापरण्याचा अनुभव रचणारे डिझायनर, बहुतेक या शेवटच्या कोडात जातात.

कोड ठरला की अधिकारी त्याच खात्याचं 'ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक' उघडतो. हा ऑनलाइन संदर्भग्रंथ कायदा नाही, पण पहिल्या निकषासाठी त्याचं वजन मोठं आहे. इथे डिझायनरांचं नशीब सारखं नाही. प्रॉडक्ट डिझायनरच्या पानावर औद्योगिक डिझाइन, वास्तुकला किंवा अभियांत्रिकी असे विषय नावानिशी येतात, त्यामुळे त्यांची वाट तुलनेने सोपी. ग्राफिक डिझायनरला साधारणपणे ग्राफिक डिझाइन किंवा जवळच्या विषयातली बॅचलर पदवी लागते असं म्हटलं आहे, पण दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन तांत्रिक प्रशिक्षण केलेल्यांनाही वाट ठेवली आहे. अधिकारी नेमकं त्या वाटेवर बोट ठेवतो. वेब आणि डिजिटल डिझायनरच्या पानावर तर शिक्षणाची व्याप्ती शाळेपासून बॅचलर पदवीपर्यंत पसरलेली आहे. म्हणजे यूएक्स डिझायनरने पहिल्या निकषावर भिस्त ठेवली, तर सरकारचंच पान त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार. म्हणून चौथा निकष महत्त्वाचा.

यावर काही जण सोयीचा कोड शोधतात. असं करू नका. काम ज्या कोडाचं आहे तोच कोड लावायचा. ग्राफिक डिझायनरला कागदोपत्री आर्ट डायरेक्टर केलं, की वर्णन, पगार आणि संस्थेचा तक्ता एकमेकांशी भांडू लागतात. काम खरोखरच दोन कोडांच्या सीमेवर असेल, तर कुठल्या कामाला किती वेळ जातो ते मांडून मुख्य कोड निवडावा आणि ते कारण वकिलाच्या फायलीत लिहून ठेवावं.

पायरी दुसरी: कामाचं वर्णन

सगळ्या फायलीत सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक पिटिशन इथेच घसरतात, आणि त्याचं कारण साधं आहे: एचआर विभाग जाहिरातीसाठी लिहिलेला मजकूर उचलून पत्रात टाकतो. 'आकर्षक यूझर इंटरफेस तयार करणे, विविध टीमशी समन्वय साधणे, ब्रँड गाइडलाइन्स पाळणे, फिग्मा आणि फोटोशॉपवर प्रभुत्व.' हे वाचून पदवीची गरज कोणाला पटेल? उलट सॉफ्टवेअरची नावं जितकी जास्त, तितकं ते काम चार महिन्यांच्या कोर्समध्ये शिकता येण्याजोगं वाटतं. सॉफ्टवेअरचा उल्लेख एकदा, शेवटी, साधन म्हणून करावा.

चांगल्या वर्णनात प्रत्येक कामाला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: त्यात जाणारा वेळ टक्क्यांत, त्याला लागणारं ज्ञान, आणि ते ज्ञान पदवीच्या कुठल्या विषयात मिळतं. समजा, एक कंपनी रुग्णालयांसाठी इन्फ्यूजन पंप बनवते, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र. तिला त्याच्या स्क्रीनसाठी यूएक्स डिझायनर हवा आहे. 'स्क्रीन डिझाइन करणे' या तीन शब्दांऐवजी असं लिहिता येईल:

'३० टक्के वेळ: औषधाची मात्रा भरताना नर्सच्या हातून कुठे चूक होऊ शकते याचं टप्प्याटप्प्याने विश्लेषण करणं, प्रत्येक संभाव्य चुकीचा रुग्णावर होणारा परिणाम नोंदवणं आणि ती चूक घडूच नये अशी स्क्रीनची रचना करणं. यासाठी लक्ष, स्मृती आणि निर्णयप्रक्रिया यांविषयीचं कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीचं ज्ञान आणि ह्युमन फॅक्टर्समधल्या विश्लेषण पद्धती लागतात. इंटरॅक्शन डिझाइन किंवा ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शनच्या अभ्यासक्रमात हे विषय वरच्या वर्षांत शिकवले जातात. २५ टक्के वेळ: नर्स आणि डॉक्टरांबरोबर वापरचाचण्यांची आखणी करणं, सहभागींची निवड ठरवणं, निरीक्षणांचं पृथक्करण करणं. यासाठी संशोधन पद्धती आणि मूलभूत संख्याशास्त्र लागतं.'

मग अलार्मच्या रंगांचं, आवाजांचं आणि क्रमाचं काम, मग एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, जाणाऱ्या कागदपत्रांसाठीचं लेखन. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेविषयी एफडीएने फेब्रुवारी २०१६ मध्ये मार्गदर्शक दस्तऐवज काढला आहे. असा दस्तऐवज कामाला लागू असेल तर त्याचा उल्लेख हवाच. काम का गुंतागुंतीचं आहे हे कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा एखाद्या सरकारी यंत्रणेच्या कागदावरून दिसलं, तर त्याला जास्त किंमत येते.

ग्राफिक डिझायनरांना वाटतं की आपल्या कामात असं काही नसतं. असतं, फक्त रोज करत असल्यामुळे ते दिसेनासं झालेलं असतं. खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगचं उदाहरण घ्या. खोका उघडून सपाट केल्यावर घड्या कुठे येतील याचा हिशेब, शाई कागदावर पसरते त्यासाठी करायची तजवीज, एकच रंग पुठ्ठ्यावर आणि प्लास्टिकवर सारखा दिसावा यासाठीचं नियोजन, पोषणमूल्यांच्या चौकटीत एफडीएच्या नियमांनी बांधून दिलेले अक्षरांचे आकार, स्पॅनिश आणि इंग्रजी मजकुराची एकाच बाजूवर केलेली मांडणी. यातल्या प्रत्येकामागे टायपोग्राफी, रंगसिद्धांत, मुद्रणतंत्र, पॅकेजिंगची रचना असा कुठलातरी पूर्ण सत्राचा विषय आहे. एखाद्या आठवड्यात आपण काय केलं ते रोज संध्याकाळी लिहून काढा. ऑफर नवी असेल आणि अजून रुजू झाला नसाल, तर होणाऱ्या मॅनेजरला विचारा: या पदावरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत कुठली कामं पूर्ण करावीत? त्याचं उत्तर एचआरच्या मजकुरापेक्षा शंभरपट उपयोगी असतं.

मग एक तक्ता करा. डावीकडे काम, मध्ये ज्ञान, उजवीकडे विषयाचं नाव. उजवीकडचा रकाना भरताना स्वतःची मार्कशीट एकटी समोर ठेवू नका. त्या विषयाच्या पदवीत सर्वसाधारणपणे काय शिकवतात ते अमेरिकन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांवरूनही पडताळा. पद सिद्ध करायचं आहे, स्वतःला नाही.

पत्रात पदवीची अट कशी लिहिली आहे तेही बारकाईने पाहा. 'बॅचलर पदवी आवश्यक' एवढंच लिहिलं तर कुठलीही पदवी चालते असा अर्थ निघतो आणि तिथेच घात होतो. २००७ च्या 'रॉयल सायम' खटल्यात फर्स्ट सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने हाच मुद्दा मान्य केला होता: सर्वसाधारण पदवीची अट पदाला विशेष ठरवत नाही. 'इंटरॅक्शन डिझाइन, औद्योगिक डिझाइन, ह्युमन फॅक्टर्स किंवा थेट संबंधित विषयातली पदवी' असं लिहावं आणि प्रत्येक विषय का चालतो ते एकेका वाक्यात सांगावं. 'डिझाइन किंवा मार्केटिंग किंवा कम्युनिकेशन किंवा समकक्ष' अशी लांब माळ लावली, तर प्रत्येक मण्याचा हिशेब मागितला जातो.

आणि हे सगळं खरं असावं. न होणारी कामं लिहू नका. अधिकारी कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष येऊन तुम्हाला आणि मॅनेजरला विचारू शकतात. लिंक्डइनवरचं तुमचं पान, कंपनीची जाहिरात आणि पिटिशन यांत तीन वेगळी कामं दिसली, की विश्वास उडतो.

पायरी तिसरी: कंपनीचा स्वतःचा इतिहास

या पदावर किंवा तशा पदांवर आजवर कोण कोण होते, त्यांच्या पदव्या कुठल्या विषयांतल्या होत्या? पाच डिझायनरांपैकी चौघांच्या पदव्या डिझाइनमधल्या असतील, तर तिसरा निकष बराचसा उभा राहतो, कारण 'सामान्यतः' म्हणजे 'नेहमीच' नव्हे. त्यांच्या पदव्यांच्या प्रती, पगाराच्या नोंदी, नेमणुकीच्या वेळच्या जाहिराती जोडाव्यात. इतरांची खासगी माहिती झाकून ठेवायला एचआरला सांगा. नुसतं 'आम्ही नेहमीच पदवीधर घेतो' हे वाक्य पुरावा नव्हे.

संस्थेचा तक्ता याच जागी येतो. तुम्ही कोणाला रिपोर्ट करता, तुमच्या बाजूला कोण आहे, प्रॉडक्शनचं साधं काम कोण करतं. शेवटचा मुद्दा लहान कंपन्यांत फार अडतो. सगळ्या कंपनीत एकच डिझायनर असेल, तर बॅनरचा आकार बदलणं, फोटो कापणं हेही तोच करत असणार, असा तर्क अधिकारी करतो. ते काम बाहेरच्या एजन्सीकडे जात असेल तर तिची बिलं जोडा. तुम्हीच करत असाल तर त्याचा खरा टक्का लिहा; दहा टक्के कारकुनी काम असण्याने पद बाद होत नाही.

स्टार्टअपला इतिहास नसतो. तिथे या निकषाचा हट्ट सोडून बाकीच्यांवर भर द्यावा. तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत तिसऱ्याच कंपनीच्या टीममध्ये बसणार असाल, तर नव्या नियमांप्रमाणे त्या तिसऱ्या कंपनीची पदवीची अट पाहिली जाते. त्यामुळे क्लायंटचं पत्र आधीच मागून ठेवा. क्लायंट असं पत्र द्यायला नाखूश असतात आणि त्यात आठवडे जातात.

पायरी चौथी: बाहेरचा पुरावा

समांतर पदांच्या जाहिराती गोळा करताना लोक सरसकट पन्नास प्रिंटआउट जोडतात. त्यांतल्या निम्म्या जाहिरातींत 'पदवी किंवा समकक्ष अनुभव' असं असतं, आणि अधिकारी नेमक्या त्याच उद्धृत करतो. आठ-दहाच जोडा, पण उद्योग तोच, कंपनीचा आकार जवळपास तोच, काम तेच आणि पदवीचा विषय नावानिशी लिहिलेला. प्रत्येक जाहिरातीवर तारीख दिसायला हवी. त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कंपनीच्या डिझाइन प्रमुखाने 'आम्हीही या कामासाठी याच विषयांचे पदवीधर घेतो' असं सकारण पत्र दिलं, तर ते अनेक जाहिरातींच्या वरचढ ठरतं.

तज्ज्ञांचं मतपत्र बहुतेक जोडतातच. डिझाइन शिकवणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकाचं पत्र असेल तर उत्तम, पण त्यांनी तुमच्या कामाचे खरे नमुने पाहिलेले असावेत, मॅनेजरशी बोलणं झालेलं असावं, आणि हे पत्रात लिहिलेलं असावं. नाव आणि कंपनी बदलून कोणालाही लावता येईल असं पत्र अधिकारी बाजूला ठेवतो. १९८८ च्या 'कॅरन इंटरनॅशनल' निर्णयाने त्याला तसा अधिकारच दिला आहे. प्राध्यापकांना दुसऱ्या पायरीतला तक्ता पाठवा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर मत मागा.

पोर्टफोलिओची जागा आता येते. पंचवीस सुंदर चित्रं नकोत. या पदावरचे, किंवा कंपनीत याच पदावर आधी झालेले, दोन-तीन प्रकल्प घ्या आणि प्रत्येकाच्या बाजूला लिहा: प्रश्न काय होता, संशोधन काय केलं, कुठलं तत्त्व वापरलं, निर्णय का घेतला. स्क्रीनच्या अंतिम चित्रापेक्षा चाचणीचा अहवाल आणि त्यानंतर बदललेला आराखडा जास्त बोलतात. गोपनीयतेचा करार असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या.

कोर्टाचे काही निर्णय डिझायनरांच्या बाजूने वापरता येतात. मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयातला २००० सालचा 'टापिस इंटरनॅशनल' खटला तर आपल्याच क्षेत्राजवळचा आहे. घरसजावटीच्या मालाच्या कंपनीतल्या शोरूम मॅनेजरच्या पदाबद्दल न्यायालयाने म्हटलं की कायद्यातल्या 'किंवा तिच्या तोडीचं' या शब्दांकडे दुर्लक्ष करता येत नाही. २०१२ च्या 'रेसिडेन्शियल फायनान्स' निर्णयाचा गाभा असा की पदवीच्या नावापेक्षा ज्ञान महत्त्वाचं. २०२० मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने 'इनोव्हा सोल्यूशन्स' खटल्यात हँडबुकमधल्या 'टिपिकली' आणि नियमातल्या 'नॉर्मली' यांत काल्पनिक दरी काढणं नाकारलं. जिल्हा न्यायालयांचे निर्णय सगळीकडे बंधनकारक नसतात, पण वास्तुकलेची पदवी घेऊन यूएक्समध्ये गेलेल्याच्या वकिलाने हे तिन्ही वाचलेले असावेत.

पायरी पाचवी: पगाराची पातळी

पिटिशनच्या आधी कंपनी कामगार खात्याकडून एलसीए (लेबर कंडिशन अॅप्लिकेशन), म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची हमी देणारा अर्ज, मंजूर करून घेते. त्यात पगाराच्या चार पातळ्या असतात, पहिली नवशिक्यांची, चौथी पूर्ण अनुभवींची. आता विचार करा: पत्रात 'अत्यंत गुंतागुंतीचं, स्वतंत्र निर्णयाचं काम' आणि एलसीएवर पातळी एक. अधिकाऱ्याला यात विसंगती दिसते. पहिल्या पातळीचं पदही पात्र ठरू शकतं, नवीन डॉक्टरही डॉक्टरच असतो. पण मग वर्णनात देखरेख कोणाची, निर्णय कोणाचा, हे पातळीला साजेसंच असायला हवं.

या पातळीला आता आणखी वजन आलं आहे. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० अशा कोट्यासाठी मार्चमध्ये २१५ डॉलर भरून नोंदणी होते. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमाप्रमाणे सोडत पगाराच्या पातळीनुसार भारित झाली आहे: चौथ्या पातळीच्या नोंदणीला चार संधी, पहिलीला एक. त्यामुळे कोड आणि पातळी मार्चच्या आधीच ठरवावी लागते, आणि एप्रिलनंतरचं पिटिशन त्या नोंदणीशी जुळावं लागतं. फेब्रुवारीत वकिलाला कामाचं वर्णन मिळालेलं नसेल, तर उशीर झाला असं समजा.

अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांसाठी आणखी एक मोठा अडथळा आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार अशा नव्या पिटिशनवर १,००,००० डॉलर भरावे लागतात. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आणि तिथेच स्थिती बदलून मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना ती रक्कम लागू होत नाही. ही घोषणा १२ महिन्यांसाठी काढलेली होती आणि तिला कोर्टात आव्हानं दिली गेली, म्हणून दाखल करण्याच्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या. पुण्यात किंवा मुंबईत बसून ऑफरची वाट पाहणाऱ्यांनी हा प्रश्न कंपनीला पहिल्याच बोलण्यात विचारावा.

पायरी सहावी: तुमची पदवी

पद सिद्ध झालं की मग तुमची पाळी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं एम.डेस., चार वर्षांचं बी.डेस., जे.जे.ची चार वर्षांची उपयोजित कलेतली बीएफए यांचं मूल्यांकन सहसा सरळ होतं. मात्र 'अप्लाइड आर्ट' हे नाव वाचून अमेरिकन अधिकाऱ्याला चित्रकला आठवू शकते. म्हणून ट्रान्सक्रिप्टबरोबर सिलॅबस जोडा, ज्यात टायपोग्राफी, व्हिज्युअलायझेशन, मुद्रणतंत्र असे विषय दिसतात. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) जुन्या विद्यार्थ्यांकडे पदवी नसून डिप्लोमा असतो. २०१४ च्या कायद्याने संस्थेला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्या डिप्लोमाचा कालावधी, प्रवेशाची अट आणि संस्थेचा दर्जा मूल्यांकनात स्पष्ट आला पाहिजे. जी.डी. आर्ट डिप्लोमावाल्यांनाही हेच लागू.

तीन वर्षांची पदवी असेल तर कमी पडणाऱ्या एका वर्षाच्या जागी तीन वर्षांचा संबंधित अनुभव धरता येतो. इथे एक बारकावा फार जणांना नडतो. मूल्यांकन संस्था फक्त शिक्षणाचं मूल्यांकन करू शकते, अनुभवाचं नाही. अनुभवासाठी अशा अमेरिकन विद्यापीठातल्या अधिकाऱ्याचं पत्र लागतं, ज्याला त्या विषयात अनुभवाबद्दल क्रेडिट देण्याचा अधिकार आहे आणि जिथे तसा कार्यक्रम चालतो. तो अधिकार खरोखर आहे असं डीन किंवा रजिस्ट्रारचं पत्रही सोबत घ्या.

अनुभवाची पत्रं आजच मागवायला लागा. 'यांनी आमच्याकडे अमुक काळ समाधानकारक काम केले' या पत्राचा उपयोग नाही. कामाचं स्वरूप, त्यातला सिद्धांताचा वापर, बरोबरच्या किंवा वरिष्ठ लोकांच्या पदव्या, आणि क्षेत्रात तुम्हाला मिळालेली मान्यता, हे सगळं पत्रात हवं. नाशिक-कोल्हापूरकडच्या प्रेसने किंवा स्टुडिओने लेटरहेडवर मराठीत पत्र दिलं असेल तरी हरकत नाही. पूर्ण इंग्रजी अनुवाद आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व अनुवाद अचूक आहे असं अनुवादकाचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडलं की झालं. स्टुडिओ बंद पडला असेल तर तेव्हाच्या सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ गोळा करा.

आरएफई आली तर

आरएफई म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस. डिझाइनच्या पिटिशनला ती येते तेव्हा घाबरून जाऊ नका. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, आणि उत्तर एकदाच देता येतं. अर्धं आज, अर्धं नंतर असं चालत नाही. नोटीस आली की तिच्यातला ठरावीक साच्याचा मजकूर वेगळा करा आणि तुमच्या फायलीबद्दलची वाक्यं अधोरेखित करा. ती बहुधा चार-पाचच असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर, वेगळा पुरावा. उत्तर देताना पदाचं नाव किंवा मूळ कामं बदलू नका. तपशील वाढवता येतो, नवं पद घडवता येत नाही.

नकार आलाच तर ३० दिवसांत अपील किंवा फेरविचाराचा अर्ज करता येतो. नकार टपालाने आला असेल तर ३३ दिवसांत. कोटा अजून खुला असेल आणि फाइल खरोखर कमकुवत होती असं वाटत असेल, तर नव्याने दाखल करणं कधी कधी जास्त शहाणपणाचं असतं, ते वकिलाशी बोलून ठरवा. ज्यांच्याकडे मोठे पुरस्कार, प्रदर्शनं, आपल्या कामावर छापून आलेले लेख आहेत त्यांनी ओ-१बी या कलाक्षेत्रातल्या असाधारण गुणवत्तेसाठीच्या व्हिसाचाही विचार करावा. त्याला पदवीची अट नाही, वार्षिक कोटा नाही, आणि तिथे पोर्टफोलिओच खरोखर मध्यभागी असतो.

मंजुरी मिळाल्यावर पिटिशनची पूर्ण प्रत, जोडपत्रांसकट, कंपनीकडे मागा. मुदतवाढीच्या वेळी कंपनी तीच आणि परिस्थितीही तीच असेल, तर आधीचा निर्णय साधारणपणे मानावा असं २०२५ च्या नियमात आहे. पण तेव्हा मांडलेलं काम आणि आज करत असलेलं काम तुम्हाला ओळीने ताडून पाहता आलं पाहिजे. बढती मिळाली, काम डिझाइनकडून नुसत्या व्यवस्थापनाकडे वळलं किंवा ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं, तर बदल होण्याआधी वकिलाला कळवा. सुधारित पिटिशन लागू शकतं, आणि ते बदल होण्याआधी दाखल करायचं असतं.